आत्याचं नख

आमच्या जालन्याचं पाणी मुंबईकडे जात नाही. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर आडवा आहे. त्याच्या पलीकडच्या उतारावरचा पाऊस तापीच्या वाटेनं अरबी समुद्रात जातो, अलीकडचा आपल्याकडे येतो. लग्नकार्यात नातेवाईक भेटले की हा भूगोल मला हमखास सांगावा लागतो, कारण प्रश्न ठरलेला असतो : "तू समुद्राच्या चिखलाचं काम करतीस म्हणं. जालन्याच्या पोरीला समुद्राचं काय पडलंय?"

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत समुद्रतळाच्या गाळातून परागकण वेगळे करायचं काम मी करते. मी संशोधक नाही. नमुने धुणारी, आम्लात उकळणारी, काचपट्ट्या तयार करणारी आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजणारी. ती मोजणी पुढे ज्यांच्या हातात जाते त्यांतले काही जण समुद्राखाली कोसळलेल्या दरडींचा अभ्यास करतात. कुठला गाळ जागच्या जागी बसला आणि कुठला वरून घसरत आला, हे ठरवायला त्यांना परागकणांची मदत होते.

हे काम मला ज्यांनी शिकवलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना आपण काही शिकवतोय याचा पत्ताही नव्हता. त्यांत पहिली माझी थोरली आत्या.

आत्या बदनापूरकडे दिलेली. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाण्यांची कंपनी इथंच सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. पण संकरित कपाशीचं बी काही कंपनीच्या इमारतीत तयार होत नाही. ते होतं वावरात, बायकांच्या बोटांत. कपाशीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. तेव्हा मादी ओळीतल्या झाडांची कळी उमलायच्या आदल्या दुपारी सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, मधलं स्त्रीकेसर तेवढं उघडं ठेवायचं आणि वर कागदाची टोपी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतलं फूल तोडून त्याचा पराग त्या स्त्रीकेसरावर फिरवायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. याला आमच्याकडे सगळे क्रॉसिंग म्हणतात. पावसाळा सरता सरता क्रॉसिंगचा हंगाम आला की गावात दुपारी माणूस दिसत नसे.

आत्याच्या उजव्या अंगठ्याचं नख ती मुद्दाम वाढवायची. कळीच्या बुडाशी नख टेकवून अंगठा अर्धा गोल फिरवला की पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकसंध टोपीसारखी निघून हातात यायची. आत पांढरट स्त्रीकेसर उभं, त्याला ओरखडासुद्धा नाही. मीही तिच्यासोबत जायचे, पण माझ्याकडून हटकून स्त्रीकेसर मोडायचं, नाहीतर एखादा पुंकेसर तळाशी चिकटून राहायचा. ती कळी हातात फिरवून बघायची आणि म्हणायची, "एक दाणा ऱ्हायला तरी बी खोटं निघतं. डोळे कामून दिले देवानं?"

उद्या उमलणारी कळी कोणती आणि परवाची कोणती, हे तिला रंगावरून कळायचं. मला दोन्ही सारख्याच दिसायच्या. नराचं फूल ती आधी तिच्या काळ्या चोळीच्या बाहीवर हलकेच आपटायची. बाहीवर पिवळे ठिपके सुटे सुटे पडले तर फूल घ्यायचं. गोळा होऊन चिकटले किंवा पडलेच नाहीत तर टाकून द्यायचं. ऊन चढलं की पराग फिरवायचं काम बंद, कारण मग तो धरत नाही. कपाशीचा परागकण बराच मोठा असतो, साधारण एक दशांश मिलिमीटर, आणि नीट पाहिलं तर नुसत्या डोळ्यांनाही ठिपका म्हणून दिसतो. सुटे कण बघायची सवय मला त्या बाहीवर लागली. शाळेतल्या पोरींनी या कामाला जाणं तेव्हा कुणाला वावगं वाटत नसे. आज वाटतं, आणि वाटायलाच हवं. त्या दुपारच्या उन्हाबद्दल मला काही हळवं लिहायचं नाही. डोकं भणभणायचं, कळ्यांच्या चिकानं बोटं काळी पडायची आणि मजुरी घरच्यांच्या हातात जायची.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली कपाशीचा पराग दाखवला. काटेरी गोळा, चहूबाजूंनी काटे. मग त्यांनी ज्वारीचा दाखवला : गुळगुळीत, गोल, एकच भोक, भोकाभोवती कडं. बाभळीचा दाखवला तर सोळा कण एकमेकांना घट्ट चिकटून एक चेंडू झालेला. बाई एवढंच म्हणाल्या, की फूल सुकतं, झाड मरतं, पण या कणाचं कवच सहजासहजी मरत नाही. त्या कवचाच्या द्रव्याला स्पोरोपोलेनिन म्हणतात. हवा लागली नाही तर ते कोट्यवधी वर्षं टिकतं. हवा लागली, ओलं-सुकं होत राहिलं, तर मात्र संपतं.

इथे आमच्या काळ्या मातीची अडचण येते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते, आणि त्या उघडझापीत परागकण कुजून जातात. जालन्याच्या वावरात हजार वर्षांपूर्वी काय उगवत होतं हे जालन्याच्या मातीला विचारून फारसं कळत नाही. नद्यांनी जे वाहून नेलं आणि समुद्राच्या तळाशी चिखलात पुरून ठेवलं, तेच टिकलं. कपाशीचा जड, चिकट कण त्यातही क्वचितच पोचतो, कारण तो वाऱ्यासाठी नाही, मधमाशीसाठी आहे. माझ्या ओळखीचा पहिला परागकण समुद्राच्या गाळात मला अजून भेटलेला नाही.

समुद्रतळाचा नमुना कसा काढतात, हे मात्र मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. वडील मोंढ्यात हमाल होते. व्यापारी पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसून आतला माल काढायचा आणि वर चांगला, खाली भेसळ असं काही आहे का ते बघायचा. कोअर म्हणजे तेच, फक्त पोतं समुद्राचं आणि नळी शेकडो मीटरची. तिच्यात वरचा गाळ नवा, खालचा जुना. निदान तसा असायला हवा. तो तसा नसतो तेव्हा गोष्ट सुरू होते.

२०१४ च्या जुलैत माळीण गाव दरडीखाली गेलं, २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. दरड म्हणजे काय हे महाराष्ट्राला सांगायला नको. समुद्राखालीही उतार असतात. किनाऱ्याजवळचा उथळ तळ संपतो तिथून तो हजारो मीटर खोल उतरत जातो. त्या कडेवर नद्या लाखो वर्षं गाळ टाकत राहतात, उतार जड होतो, आणि एखाद्या भूकंपानं सुटतो. १९२९ च्या नोव्हेंबरात कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्स भागात असाच भूकंप झाला. सुटलेल्या गाळानं समुद्रतळावरच्या बारा तारा एकामागून एक तोडल्या आणि त्सुनामीत २८ माणसं गेली. कुठली तार किती वाजता तुटली याच्या नोंदींवरून गाळाच्या लोंढ्याचा वेग काढायला १९५२ साल उजाडलं. आज समुद्रतळावरच्या अशाच तारांतून आपलं इंटरनेट येतं.

आपल्या दाराशी झालेली सगळ्यात मोठी दरड अरबी समुद्रात आहे. तिला नटराज हे नाव आहे. २०१५ च्या एप्रिल-मे महिन्यांत 'जॉयडीस रिझोल्यूशन' हे वेधन जहाज कोलंबोहून निघून मुंबईला आलं. मोहिमेचे प्रमुख दोघे : गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतल्या लुइझियाना राज्य विद्यापीठाचे पीटर क्लिफ्ट. लक्ष्मी खोऱ्यात, साडेतीन हजार मीटर पाण्याखाली, त्यांनी दोन ठिकाणी वेध घेतले. त्यांत एके ठिकाणी सुमारे ३०० मीटर आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे २०० मीटर जाडीचा कोसळलेला माल लागला. चुनखडीचे ठोकळे, त्यांचा चुरा, दुमडलेला चिखल. ही चुनखडी उथळ पाण्यातली, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या बाहेरच्या कडेवरची. चिखलात सिंधूचा गाळ, नर्मदा-तापीचा गाळ आणि थोडा दख्खनच्या काळ्या दगडाचाही अंश. म्हणजे अजिंठ्यापलीकडच्या उतारानंही त्यात आपली चिमूट टाकलेली असणं शक्य आहे.

काळ १ कोटी ८ लाख वर्षांच्या किंचित आधीचा. व्याप सुमारे ४९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे मराठवाड्याचा तीन चतुर्थांश. आकारमान सुमारे १९ हजार घन किलोमीटर. जायकवाडी काठोकाठ भरलं तर त्यात जेवढं मावतं, तसली साडेसहा हजार धरणं घ्या. भूगर्भाच्या दृष्टीनं शांत असलेल्या किनाऱ्यांजवळ सापडलेल्या दरडींत हिच्याहून मोठी एकच ठाऊक आहे.

या दरडीचा माथा कुठे हे ओळखताना दोन खुणा धरल्या गेल्या : थरांच्या घड्या, आणि सूक्ष्मजीवांच्या कवचांची सरमिसळ. जुन्या काळातली कवचं नव्यांच्या पंगतीत बसलेली. परागकणांकडून आम्ही काढून घेतो ती साक्ष याच जातीची, फक्त ती जमिनीवरून आलेली असते. चुन्याची कवचं खोल पाण्यात विरघळतात. पराग विरघळत नाही, हा त्याचा फायदा.

समजा एका कोअरमध्ये खालून वर गवत हळूहळू वाढतंय, झाडं कमी होताहेत. मध्येच मीटरभर जाडीचा असा पट्टा येतो की त्यात वरपासून खालपर्यंत प्रमाण हलतच नाही. तो पट्टा बहुधा एका दमात आलेला आहे. मग त्यात बघायचं, कांदळ आणि तिवर या खारफुटीच्या झाडांचा पराग किती. तो खाडीकाठच्या चिखलातच जास्त बसतो. साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात त्याचे पुंजकेच्या पुंजके न सुटता सापडले, तर ते एकेकटे तरंगत आलेले नसतात, चिखलासकट आलेले असतात. मग रंग. ताजा कण फिकट पिवळा. खोल पुरला जाऊन तापलेला जुना कण नारिंगी, तपकिरी. दोन्ही रंग एकाच काचपट्टीवर आले की कुठलातरी जुना थर फुटून यात मिसळला, असं धरायचं. अतिनील प्रकाशात ते अधिक स्पष्ट होतं.

पण नुसत्या परागावर निकाल देऊ नये, असं माझं मत आहे. मोठ्या पुरातसुद्धा नदी किनाऱ्यालगतचं सगळं ओरबाडून नेते आणि तो थरही असाच दिसतो. शिवाय वाहत्या गाळात पराग बारीक मातीबरोबर वर राहतो, तेव्हा एकाच लोंढ्याच्या खालच्या आणि वरच्या भागात वेगळी मोजणी येते. ध्वनिलहरींनी काढलेली तळाची चित्रं, कवचं, पराग, सगळं एकत्र ठेवून बोललं तर बोलण्याला वजन येतं.

मोजणीतली सगळ्यात हुशार गोष्ट मला आमच्या प्रयोगशाळेतल्या एका काकांनी दाखवली. ते परिचर म्हणून लागले होते आणि निवृत्तही परिचर म्हणूनच झाले. स्वीडनमधून एक गोळी येते, तीत लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे बीजाणू असतात. एका गोळीत किती, ते डबीवर छापलेलं असतं, खेपेप्रमाणे दहा-वीस हजार. गाळाच्या नमुन्यात सुरुवातीलाच ती टाकायची. शेवटी परागाबरोबर हे परके बीजाणूही मोजायचे. टाकलेल्यांपैकी किती हाती लागले ते कळलं की पराग मुळात किती होता ते त्रैराशिकानं काढता येतं. धुण्यात, गाळण्यात जे सांडलं त्याचाही हिशेब लागतो. काका म्हणायचे, "हरवणार आहे हे धरूनच सुरुवात करायची, म्हणजे भांडण नको."

हायड्रोफ्लोरिक आम्लही मला त्यांनीच शिकवलं. ते वाळू खातं, काच खातं, म्हणून सगळी भांडी प्लास्टिकची. कातडीवर पडलं तर लगेच दुखेलच असं नाही, हाच त्याचा धोका. ते आत हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटची मलमाची नळी कुठे ठेवली आहे हे डोळे मिटून सांगता आल्याशिवाय काका मला वाफा ओढून घेणाऱ्या हूडपाशी उभं राहू देत नसत. माझी दहाही बोटं आज शाबूत आहेत, ती त्यांच्यामुळे. त्यांनी परीक्षानळीतलं वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी करडा, केसाएवढा थर उरायचा. एवढ्या दगडमातीतून उरलेला पराग तो. नळी उजेडाकडे धरून ते सांगायचे, "आहे" किंवा "नाही". सूक्ष्मदर्शक नंतर तेच सांगायचा.

ज्यांना मी कधी पाहिलं नाही असे एक जण राहिले. परागकण ओळखायचा तर शेजारी ओळखीच्या झाडाच्या परागाची काचपट्टी लागते. भारतातल्या झाडांच्या अशा हजारो काचपट्ट्या पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेत आहेत. तो संग्रह वाढवणारे आणि कांदळवनातल्या परागांवर मुळातून काम करणारे गणपती थनिकैमोनी. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून निघालेलं पॅन अ‍ॅमचं विमान कराचीत अपहरणकर्त्यांनी ताब्यात घेतलं. त्यात जीव गमावलेल्या हवाई सुंदरी नीरजा भनोतमुळे ती घटना आपल्याला ठाऊक आहे. त्याच विमानात थनिकैमोनी होते आणि तेही गेले. कांदळवनाच्या परागांवरचं त्यांचं पुस्तक त्यांच्या मागे, १९८७ मध्ये निघालं. एखादा कण कांदळाचा की तिवराचा असा वाद आमच्याकडे होतो तेव्हा त्यातली चित्रं काढली जातात, आणि वाद तिथंच संपतो. तीन बारीक खाचा, त्यांची रुंदी, कवचाची नक्षी, सगळं त्यांनी पाहून ठेवलेलं.

गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्याच्या पुढच्या उतारावरही घसरणी आहेत. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्री भागात गाळ सुटून खाली सरकल्याच्या खुणा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवल्या आहेत. तळातून वर येणारा वायू आणि पाणी त्यामागे असावं, असं त्यांचं म्हणणं. त्या उतारावर साचणाऱ्या गाळात कुंडलिकेचा वाटा किती लहान असेल ते सांगायला नको, पण तो आहे. म्हणून मला आमच्याकडच्या झाडांच्या काचपट्ट्या हव्या होत्या. आधी जालन्याजवळच्या घाणेवाडीच्या तलावातून लोकांनी गाळ उपसून शेतात टाकला होता, तो पाहिला. काळी माती होतीच, परागही होता, पण गवतच जास्त, आणि गवताची अडचण अशी की ज्वारी, गहू, कुसळी, सगळ्यांचा पराग जवळपास एकसारखा गोल. आत्याला हे सांगितलं तर तिला ते पटलं नाही. "ज्वारीची भुकटी अन् गव्हाची भुकटी एक कशी असंल?"

तिला स्टोरेगाची गोष्ट मात्र फार आवडली. नॉर्वेजवळ सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी समुद्राखाली मोठी दरड कोसळली आणि लाट किनाऱ्यावर चढली. त्या लाटेनं आणलेल्या वाळूत मॉसच्या हिरव्या काड्या गाडल्या गेल्या होत्या. त्या वर्षीची वाढ कुठवर आली होती ते मोजून ती लाट शरद ऋतूच्या शेवटी आली असं काढता आलं. वर्ष नव्हे, ऋतू. आत्या म्हणाली, "मंग त्यात काय? आजची कळी अन् उद्याची कळी वळखू येती, तसंच ते." मुंबईला असं काही होईल का, हेही तिनं विचारलं, तिचा नातू तिथे कामाला आहे. नटराजच्या भागात पुन्हा असं घडण्याची शक्यता कमी आहे, असं अभ्यास करणाऱ्यांनी लिहिलंय, ते मी तिला वाचून दाखवलं.

आता तिचं नख पूर्वीसारखं राहिलेलं नाही, मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही झाली आहे. पण दर हंगामात ती माझ्यासाठी फुलं गोळा करते : तरोटा, आघाडा, माठ, कुर्डू, बोर, निंब, हिवर. उमलायच्या आदल्या दिवशीच्या कळ्या खुडते, म्हणजे पराग सांडलेला नसतो आणि शेजारच्या झाडाचा मिसळलेलाही नसतो. प्रयोगशाळेतले नवे विद्यार्थी उमललेली फुलं आणतात आणि मग एकाच काचपट्टीवर चार झाडं दिसतात. आत्याच्या पाकिटात एकच झाड असतं. पाकिटं जुन्या लग्नपत्रिकांची, वर नातवंडांच्या अक्षरात नाव आणि वावराचा गट नंबर.

गेल्या खेपेला पाकिटांचा गठ्ठा माझ्या हातात देताना ती म्हणाली, "कंपनी क्रॉसिंगचे पैसे द्यायची. तुमचं हापिस पाकिटामागं किती देतं?"

मी परत आल्यावर रीतसर अर्ज केला. फुलं हा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा, रसायनं, प्रवास की मजुरी, यावर लेखा विभागाचा शेरा अजून आलेला नाही. आत्याचा फोन दर रविवारी येतो.